फूल हरलं, पक्ष जिंकला

पणजीच्या आझाद मैदानाला लागून मिनेझिस ब्रागांझा संस्थेची जुनी इमारत आहे. दारातून आत शिरलं की भिंतींवर निळ्या-पांढऱ्या पोर्तुगीज फरश्यांवरची चित्रं दिसतात. कामोइश या पोर्तुगीज कवीच्या महाकाव्यातले प्रसंग, म्हणजे दर्यावर्दींची थोरवी. पर्यटक समोर उभे राहून फोटो काढतात आणि पुढे मांडवीकडे चालू लागतात. मी गेलो तेव्हाही तेच चाललं होतं. गोव्याचं पुढचं सगळं राजकारण ज्या मोजणीनं ठरवलं, ती याच इमारतीत झाली होती.

१६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. मतपत्रिकेवर उमेदवार नव्हते, पक्ष नव्हते, दोनच चिन्हं होती. फूल म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करा. दोन पानं म्हणजे केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळा ठेवा. ३,१७,६३३ लोकांनी मत दिलं. शंभरातले जवळजवळ ब्याऐंशी मतदार बाहेर पडले होते. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. चौतीस हजारांच्या फरकानं गोवा महाराष्ट्रात जायचा राहिला.

इथवरची गोष्ट महाराष्ट्रातल्या जुन्या वाचकाला ठाऊक असते, आणि ती सांगताना तो हटकून हळहळतो. पुढची गोष्ट मात्र त्याला सहसा माहीत नसते. मार्चअखेर गोव्यात विधानसभेची निवडणूक झाली. ज्या पक्षाचं विलीनीकरणाचं स्वप्न लोकांनी जानेवारीत धुडकावलं होतं, त्याच महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला (मगोला) लोकांनी पुन्हा सत्ता दिली आणि दयानंद बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले.

संपादकांनी यंदा ‘वेगळं व्हायचंय’ असा विषय काढला, तेव्हा मी कॅटलोनियावर किंवा कुर्दांवर लिहीन असा त्यांचा अंदाज असावा. मला मात्र १९६७ चे हे दोन महिने खुणावत होते. जगभरचे प्रादेशिक पक्ष जास्तीचं काहीतरी मागतात: जादा अधिकार, स्वतंत्र राज्य, स्वतंत्र देश. मगोला स्वतःचं राज्यच नको होतं. आणि तरीही तो गोव्याचा पहिला आणि बराच काळ सर्वांत बळकट प्रादेशिक पक्ष होता. हे कसं, ते बघायला मी गोव्यात गेलो.

आपलीच खुर्ची मोडायला निघालेले आमदार

१९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज गेले. गोवा, दमण आणि दीव मिळून एक केंद्रशासित प्रदेश झाला. पहिली निवडणूक १९६३ च्या डिसेंबरात झाली. देशात तेव्हा नेहरूंच्या काँग्रेसची चलती होती, मुक्तीही त्यांच्याच सरकारनं दिलेली. तेव्हा गोव्यात काँग्रेस येणार हे सगळे धरून चालले होते. प्रत्यक्षात गोव्याच्या अठ्ठावीस जागांपैकी एकही काँग्रेसला मिळाली नाही, तिची लाज राखली ती दमणनं. मगोला चौदा, त्याच्या साथीला असलेल्या प्रजासमाजवादी पक्षाला दोन, आणि डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाला बारा जागा मिळाल्या.

मगो आणि युनायटेड गोवन्स एकाच प्रश्नाच्या दोन टोकांना उभे होते. मगोच्या जाहीर उद्दिष्टानुसार पाहिलं तर त्याचा आमदार निवडून यायचा तो आपली विधानसभाच बरखास्त करायला. अडीचशेहून अधिक आमदारांच्या मुंबईतल्या सभागृहात गोव्याच्या वाट्याला मूठभर बाकं आली असती. खाणमालक असलेल्या बांदोडकरांनी तर पहिल्या निवडणुकीत स्वतः उमेदवारीही केली नव्हती. मुख्यमंत्री झाल्यावर ते मडकईतून पोटनिवडणुकीनं सभागृहात आले. नाव, पैसा, सत्ता असलेला माणूस आपलं मुख्यमंत्रिपद जाईल अशी मागणी वर्षानुवर्षं लावून धरतो, हे आजच्या राजकारणात सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

मगोचं म्हणणं साधं होतं: आम्ही विलीनीकरणाच्या मुद्द्यावर जिंकलो, म्हणजे लोकांनी कौल दिलाच, आता विधानसभेच्या ठरावावर निर्णय करा. सिक्वेरांच्या पक्षाचं म्हणणं: आमदार निवडणं वेगळं आणि प्रदेशाचं अस्तित्वच मोडणं वेगळं, त्यासाठी लोकांना स्वतंत्रपणे विचारा. दिल्लीत नेहरूंनी गोव्याचं वेगळेपण काही काळ राखण्याची भाषा केली होती. त्यांच्यानंतर शास्त्री आले, मग इंदिरा गांधी आल्या. दिल्लीत तळ ठोकून ‘लोकांना विचारा’ ही बाजू लावून धरणाऱ्यांत गोव्याच्या काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर होते. अखेर १९६६ च्या डिसेंबरात संसदेनं जनमत कौलाचा कायदा केला. मतदान निःपक्ष व्हावं म्हणून बांदोडकर सरकारनं आधी राजीनामा द्यावा अशी विरोधकांची मागणी होती, ती मान्य झाली. गोवा राष्ट्रपती राजवटीखाली गेला आणि मग कौल झाला.

गोव्यात अभिमानानं सांगतात की स्वतंत्र भारतातला हा एकमेव सार्वमताचा प्रसंग. ते तितकंसं खरं नाही. जुनागढमध्ये १९४८ ला, चंद्रनगरात १९४९ ला आणि सिक्कीममध्ये १९७५ ला लोकांना विचारलं गेलं होतं. पण तिथला प्रश्न भारतात यायचं की नाही, असा होता. भारतात आल्यावर नेमकं कुठे राहायचं हे विचारलं गेलं ते गोव्यालाच (आणि त्याच दिवशी दमण-दीवला, त्यांच्यापुढे पर्याय होता गुजरातचा). बेळगावला, विदर्भाला, तेलंगणाला ते कधी विचारलं गेलं नाही.

भाटकाराच्या जमिनीवरचं घर

फोंड्याहून मडकईकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माडबनं आणि मध्येच खाजण जमिनी लागतात. हा मगोचा बालेकिल्ला. पक्षाचे नेते सुदिन ढवळीकर इथूनच निवडून येत आले आहेत. देवळाच्या आवारात भेटलेल्या एका आजोबांना मी विचारलं, की जानेवारीत फूल हरलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं? ते महाराष्ट्राबद्दल काहीच बोलले नाहीत. ते बोलले घराबद्दल. त्यांचं घर भाटकाराच्या जमिनीवर होतं. त्यांच्या वडिलांना भाटकाराकडे बोलावणं आलं की हातातलं काम टाकून जावं लागे, नारळ पाडायला, लग्नकार्यात राबायला. घराचं छप्पर शाकारायचं तर आधी विचारायचं. आणि भाटकाराच्या मर्जीतून उतरलं तर घर उठवायचं.

गोव्यात या माणसाला मुंडकार म्हणतात. भाटकार म्हणजे जमीनदार, आणि कूळ म्हणजे शेत कसणारा. भाटकारांत सारस्वत हिंदूही होते आणि ख्रिस्तीही. कुळं आणि मुंडकार बहुतेक बहुजन समाजाचे होते, त्यांतही दोन्ही धर्मांचे लोक होते. आपल्याकडे विलीनीकरणाची हकिकत मराठी विरुद्ध कोकणी, हिंदू विरुद्ध ख्रिस्ती अशी सांगितली जाते. ती मडकईच्या त्या देवळात बसून सांगितली तर अर्धी वाटते. तिथल्या हिंदू बहुजनाला महाराष्ट्र हवा होता, कारण महाराष्ट्रात कूळकायदा होता. सीमेपलीकडच्या सावंतवाडी-वेंगुर्ल्यातलं कूळ आपल्या नावावर सातबारा चढण्याची वाट बघत होतं, आणि इकडे पेडणे-डिचोलीतला माणूस राहत्या घराचीही खात्री नसताना जगत होता. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा पलीकडून ऐकू येत होती, तेव्हा पलीकडेच जाऊ या, इतका सरळ हिशेब होता तो.

भाषाही होतीच. घरात कोकणी बोलणारा हा माणूस देवळात मराठी कीर्तन ऐकत असे, जत्रेत रात्रभर मराठी नाटक बघत असे आणि त्यात कामही करत असे. गोव्यातल्या गावोगावच्या हौशी नाटकांचा पसारा आजही बघण्याजोगा आहे. पोर्तुगीजांच्या काळात गावात शाळा मिळणं म्हणजे नशीब. बांदोडकरांनी खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा काढल्या. त्या आजोबांची शाळा देवळाच्या अग्रशाळेत भरत असे. फळा होता, खुर्ची नव्हती. बांदोडकरांचा उल्लेख ते सरळ ‘भाऊ’ असा करत होते, घरातल्या माणसाचा करावा तसा.

बांदोडकर सरकारनं १९६४ मध्येच कूळकायदा केला. पुढे त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना १९७५ ला मुंडकार कायदा आणि १९७६ ला कूळकायद्याची पाचवी दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीनं कसणाऱ्याला मालक मानलं. म्हणजे ज्यासाठी महाराष्ट्रात जायचं होतं ते महाराष्ट्रात न जाता पणजीतूनच होऊ लागलं होतं. कौलाच्या वेळी याची सुरुवात झालेली लोकांनी पाहिली होती, आणि माझ्या मते पुढच्या दोन महिन्यांची गुरुकिल्ली तिथेच आहे.

विरोध मराठीतून

विलीनीकरणाच्या विरोधातलं सर्वांत धारदार हत्यार एक मराठी दैनिक होतं. मडगावहून निघणारं ‘राष्ट्रमत’. चंद्रकांत केणी, उदय भेंब्रे ही मंडळी त्यात लिहीत. भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर लोक वाट पाहून वाचत. कोकणीचे हे कडवे पुरस्कर्ते मराठीत का लिहीत होते? त्यांचा हिशेब पक्का होता. ख्रिस्ती मतदार गोव्याच्या लोकसंख्येत चाळीस टक्क्यांहून कमी. ते सगळे दोन पानांवर शिक्का मारतील असं धरलं तरी तेवढ्यानं भागत नव्हतं. हिंदू मतं फिरवली तरच विलीनीकरण अडणार होतं, आणि शिकलेला हिंदू गोवेकर वर्तमानपत्र वाचायचा तो मराठीतूनच. त्याला ‘गोमन्तक’ दैनिक विलीनीकरणाची बाजू रोज सांगत होतं. तर उत्तर त्याच भाषेतून जायला हवं. जो वाचत नव्हता त्याच्यासाठी उल्हास बुयांव आणि त्यांचं कलापथक गावोगाव कोकणी गाणी घेऊन हिंडत होतं. वाचणाऱ्याला मराठी आणि ऐकणाऱ्याला कोकणी, अशी ही विभागणी होती.

प्रचारात भाषेइतकेच पोटाचे मुद्दे होते. महाराष्ट्रात तेव्हा दारूबंदी होती. माडाची सूर काढणारा रेंदेर, काजूच्या हंगामात भट्टी लावणारा, गावातला तवेर्न चालवणारा, या सगळ्यांना त्यांचा धंदा कायद्यानं बंद होताना दिसू लागला. शिवाय मुक्तीनंतर प्रतिनियुक्तीवर आलेले अधिकारी. सरकारी कचेऱ्यांत वरच्या खुर्च्यांवर बाहेरून आलेले साहेब बसले होते, आणि गोव्याच्या शिकलेल्या पोरांना ते खुपत होतं. विलीन झालो तर कायम असंच चालणार, असं सांगायला फारशी वक्तृत्वकला लागत नव्हती. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्याकडेही बोट दाखवलं जाई: मनीऑर्डरीवर जगणारा जिल्हा, मुंबईत ज्याचं कुणी ऐकत नाही. तसा आणखी एक जिल्हा व्हायचंय का?

हा शेवटचा मुद्दा मला स्वतःला निर्णायक वाटतो. त्याला उत्तर देणं महाराष्ट्रातल्या नेत्यांना अवघड होतं, कारण रत्नागिरीबद्दलचं निदान खोटं नव्हतं. सावंतवाडीच्या लाल बसमधून उतरून पणजीत आलेल्या कुणीही ते मान्य केलं असतं.

बाराचे बाराच

आता मार्चकडे येऊ. कौल जिंकला तो सिक्वेरांच्या बाजूनं. शंभरातल्या चौपन्न मतदारांनी दोन पानं निवडली होती. या लाटेवर युनायटेड गोवन्सनं विधानसभा सहज खिशात घालायला हवी होती. निकाल लागला तेव्हा मगोकडे सोळा जागा होत्या आणि युनायटेड गोवन्सकडे बारा. १९६३ मध्येही त्यांच्या बाराच होत्या. मधल्या काळात एवढा मोठा कौल जिंकून त्या पक्षाच्या पदरात एकाही जागेची भर पडली नाही.

याचा अर्थ असा, की दोन पानांवर शिक्का मारणारे हिंदू मतदार सिक्वेरांचे झाले नव्हते. त्यांना गोवा वेगळा हवा होता, पण तो भाटकारांच्या हातात नको होता. युनायटेड गोवन्सचा चेहरा सासष्टी-बार्देशातला, ख्रिस्ती, इंग्रजी-पोर्तुगीज शिकलेला. फोंडा-डिचोलीतल्या कुळाला त्या चेहऱ्यात आपला माणूस दिसला नाही. जानेवारीत त्याच्यापुढे दोनच चिन्हं होती, म्हणून काहींनी नाइलाजानं सिक्वेरांच्या बाजूचं चिन्ह घेतलं. मार्चमध्ये प्रश्न वेगळा होता: पणजीत बसायचं कुणी? त्यावर त्यांचं उत्तर बदललं नव्हतं.

आणि आणखी एक गोष्ट झाली. हरल्यामुळे मगो निर्धोक झाला. ज्याला बांदोडकर हवे होते पण महाराष्ट्र नको होता, त्याला जानेवारीपूर्वी अवघड होतं. एक घेतलं की दुसरं गळ्यात पडायचं. कौलानंतर महाराष्ट्राचा प्रश्न मिटला. आता मगोला मत दिलं तरी गोवा कुठे जाणार नव्हता. बांदोडकरांना यात काय वाटलं असेल हे सांगता येत नाही, पण पुढची सहा वर्षं त्यांनी गोवा चालवला तो गोवा राहणारच आहे हे धरून. कला अकादमी त्यांच्याच काळातली. १९७२ मध्ये मगोला अठरा जागा मिळाल्या, पूर्वीपेक्षा जास्त. १९७३ च्या ऑगस्टात मुख्यमंत्रिपदावर असतानाच ते गेले. मिरामारच्या किनाऱ्यावर त्यांची समाधी आहे.

क्युबेक, स्कॉटलंड आणि कॉड माशांचं बेट

हा गोव्याचाच चमत्कार असता तर मी एवढा वेळ त्यात घालवला नसता. असं इतरत्रही झालं आहे, आणि ज्यांना वेगळं व्हायचं होतं त्यांच्याच बाबतीत झालं आहे.

कॅनडात फ्रेंच भाषकांचा क्युबेक प्रांत आहे. तिथल्या पार्टी क्युबेक्वा या पक्षानं सत्तेत येऊन १९८० च्या मे महिन्यात सार्वमत घेतलं: कॅनडाशी सार्वभौमत्वाच्या पायावर नवी बोलणी करायला परवानगी द्या. शंभरातल्या साठांनी नकार दिला. पक्षाचे नेते रेने लेवेक त्या रात्री पडक्या चेहऱ्यानं समर्थकांसमोर आले. अकरा महिन्यांनी निवडणूक झाली आणि हाच पक्ष आधीपेक्षा जास्त जागा घेऊन परतला, १२२ पैकी ८०. त्यानं आश्वासन दिलं होतं की पुढच्या पाच वर्षांत पुन्हा सार्वमत घेणार नाही. क्युबेकच्या मतदाराला चांगला कारभार हवा होता, फ्रेंच भाषेचं रक्षण हवं होतं. कॅनडा सोडायचा नव्हता. हरलेला पक्ष त्याला नेमकं तेवढंच देऊ शकत होता. मडकईच्या आजोबांना हे फ्रेंच लोक लगेच कळले असते.

स्कॉटलंडचं थोडं वेगळं आहे. २०१४ च्या सप्टेंबरात स्कॉटिश नॅशनल पार्टी स्वातंत्र्याचं सार्वमत पंचावन्न विरुद्ध पंचेचाळीस असं हरली. आठ महिन्यांनी ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत तिनं स्कॉटलंडच्या ५९ पैकी ५६ जागा मारल्या. इथे पक्ष निर्धोक झाला म्हणून मतं मिळाली, असं म्हणता येत नाही. स्वातंत्र्यवादी पंचेचाळीस टक्के सार्वमतानंतर आणखी कडवे होऊन एका पक्षामागे उभे राहिले, आणि ‘नाही’ म्हणणारे पंचावन्न टक्के लेबर, टोरी, लिबरल अशा तीन ठिकाणी फुटले. ज्याला सर्वांत जास्त मतं तो विजयी, या पद्धतीत एवढं पुरतं. गोव्यातही हा गणिताचा भाग काही प्रमाणात होताच: फुलाची सव्वा लाखाहून जास्त मतं एका पक्षाची होती, पानांची मतं एका पक्षाची नव्हती.

पण गोव्याचा सख्खा भाऊ मला सापडला तो न्यूफाउंडलंडमध्ये. कॅनडाच्या पूर्वेला अटलांटिकमधलं हे बेट, कॉड माशांवर जगणारं. १९३४ पर्यंत ते स्वतःचं सरकार असलेलं वसाहती राज्य होतं. मंदीत दिवाळं वाजलं आणि लंडननं नेमलेल्या आयोगाच्या हातात कारभार गेला. युद्धानंतर १९४८ मध्ये लोकांना विचारलं: पुन्हा स्वतःचं सरकार हवं, की कॅनडात सामील व्हायचं, की आयोगच बरा? पहिल्या फेरीत कुणालाच बहुमत नाही. दुसऱ्या फेरीत दोनच पर्याय राहिले आणि कॅनडा बावन्न विरुद्ध अठ्ठेचाळीस असा जिंकला.

तिथे कॅनडाचा झेंडा घेऊन फिरणारा माणूस होता जोई स्मॉलवूड, रेडिओवर गप्पागोष्टी सांगणारा आणि मध्यंतरी डुकरं पाळणारा. स्वतःचं सरकार परत हवं म्हणणारे होते सेंट जॉन्स या राजधानीतले व्यापारी. लांबच्या किनाऱ्यावरच्या वस्त्यांतला कोळी या व्यापाऱ्यांच्या उधारीत पिढ्यान् पिढ्या अडकलेला. मासे त्यांना द्यायचे, बदल्यात पीठ-मीठ घ्यायचं, रोकड हातात येतच नसे. कॅनडात प्रत्येक मुलामागे सरकार आईच्या हातात दरमहा भत्ता देत होतं. स्मॉलवूडनं तोच मुद्दा घरोघर नेला. कोळ्यानं स्वतंत्र राज्य नाकारलं, कारण ते राज्य व्यापाऱ्याचं झालं असतं. धर्माची फूटही होती, कॅथलिक बहुसंख्येनं विरोधात. पेडण्याच्या कुळानं फुलावर मारलेला शिक्का आणि या कोळ्याचं मत एकाच जातीचं आहे. फरक इतकाच, की स्मॉलवूड जिंकला. आणि जिंकूनही तेवीस वर्षं प्रांताचा मुख्यमंत्री राहिला.

रात्रीतून दोन तृतीयांश

मगोची घसरण जनमत कौलानं नव्हे, तर फार नंतर सुरू झाली. १९७९ मध्ये शशिकलाताईंचं सरकार पडलं, १९८० मध्ये पक्ष सात जागांवर आला. तोपर्यंत कूळकायदा झाला होता, शाळा झाल्या होत्या. ज्या कामासाठी लोकांनी पक्ष उभा केला ते काम कायद्याच्या पुस्तकात गेलं होतं, आणि विलीनीकरण कुणाच्या ओठावर राहिलं नव्हतं. १९८७ च्या फेब्रुवारीत देवनागरी कोकणी राजभाषा झाली, मराठीला सरकारी वापराची मुभा ठेवून; त्याआधीच्या आंदोलनात माणसं मेली होती. त्याच वर्षी ३० मे ला गोवा पंचविसावं राज्य झालं. नावात ‘महाराष्ट्रवादी’ असलेला पक्ष आता एका स्वतंत्र राज्यातला प्रादेशिक पक्ष होता.

तरीही १९८९ मध्ये त्यानं अठरा जागा मिळवल्या. मगोला संपवलं ते विरोधकांनी नव्हे, मित्रांनी. १९९४ मध्ये त्यानं भाजपशी युती केली. मगोला बारा जागा मिळाल्या, भाजपला चार, गोव्याच्या सभागृहात पहिल्यांदाच. त्या चारांत पणजीहून आलेले मनोहर पर्रीकर होते. पाच वर्षांत आकडे उलटे झाले: भाजप दहा, मगो चार. बहुजन हिंदू मतदाराची जी चिरेबंदी बांदोडकरांनी रचली होती तिच्यातच नवा भाडेकरू राहायला आला आणि हळूहळू मालक झाला.

शेवटचा तडाखा पक्षांतरबंदी कायद्याच्या आडवाटेनं बसला. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार पक्षाच्या दोन तृतीयांश आमदारांनी दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचं ठरवलं तर त्यांची आमदारकी जात नाही. मोठ्या पक्षाला एवढे आमदार फोडायला वेळ लागतो. तीन आमदारांच्या पक्षात दोन तृतीयांश म्हणजे दोनच माणसं. २०१९ च्या मार्चमध्ये मगोचे दोन आमदार मध्यरात्री सभापतींना पत्र देऊन भाजपमध्ये गेले, तिसरे ढवळीकर उरले आणि त्यांचं उपमुख्यमंत्रिपदही गेलं. त्याच वर्षी काँग्रेसच्या पंधरांपैकी दहांनी हीच वाट धरली, २०२२ मध्ये अकरांपैकी आठांनी. चाळीस आमदारांच्या राज्यात प्रत्येक लहान पक्षाच्या डोक्यावर ही टांगती तलवार असते. गोव्यातले प्रादेशिक पक्ष का टिकत नाहीत, याची कारणं अस्मितेत शोधणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

आता परका कोण?

दोना पावलाच्या चौकात जॅक सिक्वेरांचा पुतळा आहे. पर्वरीच्या विधानसभा संकुलात बांदोडकरांचा आहे. सिक्वेरांचाही तिथे हवा, ही मागणी मधूनमधून सभागृहात उठते आणि बारगळते. दर १६ जानेवारीला अस्मिताय दीस साजरा होतो. २०१६ मध्ये निघालेल्या गोवा फॉरवर्ड पक्षानं या दिवसावर आणि सिक्वेरांच्या वारशावर विशेष हक्क सांगितला. विजय सरदेसाई त्याचे नेते आणि नारळ हे चिन्ह. २०१७ मध्ये त्यांनी भाजपविरोधात प्रचार करून तीन जागा जिंकल्या आणि निकाल लागताच पर्रीकरांना मुख्यमंत्री करायला पाठिंबा दिला. त्याच मंत्रिमंडळात मगोही होता. फूल आणि दोन पानं, दोघांचे वारस एकाच टेबलाला बसलेले गोव्यानं पाहिले.

आता गोव्याला महाराष्ट्राची भीती वाटत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, पेडण्याच्या चहाच्या गाड्यावर ऐकू येतं ते वेगळं. मोपा विमानतळ झाला आणि पेडण्यातल्या जमिनीचे भाव वर गेले. डोंगर कापून बंगले उभे राहिले, त्यांचे मालक दिल्ली-गुरुग्रामचे. २००७ मध्ये ‘गोवा बचाव’ अभियानानं रस्त्यावर उतरून अख्खा प्रादेशिक आराखडा रद्द करायला लावला होता; जमिनीचा वापर बदलण्याच्या नव्या कलमांवरून आजही तशीच धग आहे. म्हादईचं पाणी कर्नाटक वळवणार म्हणून वेगळा राग. याच वातावरणात रिव्होल्युशनरी गोवन्स हा पक्ष वाढला. मूळ गोवेकर कोण याची व्याख्या कायद्यात करा आणि नोकऱ्या, जमिनी, योजना त्यांनाच द्या, ही त्यांची मागणी. मोजपट्टी म्हणून १९६१ चं वर्ष. २०२२ मध्ये त्यांना एकच जागा मिळाली, पण मतं नऊ टक्क्यांच्या वर.

या मोजपट्टीची अडचण सरकारलाही कळली, तीही दुसऱ्या बाजूनं. २०२१ च्या जुलैत विधानसभेत भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक संमत झालं. तीस वर्षं राज्यात राहिलेल्या माणसाला त्याच्या छोट्या घराची मालकी मिळावी, असा त्याचा गाभा होता. गोव्यात काहूर उठलं. तीस वर्षांपूर्वी आलेला मजूर भूमिपुत्र, आणि आम्ही? असं विचारत आदिवासी संघटना पुढे आल्या, त्यांच्या मागून इतर सगळे. सरकारनं विधेयक गुंडाळलं. १९६७ मध्ये घराच्या मालकीचा प्रश्न गोव्याच्या आतल्या दोन वर्गांतला होता. आता तोच प्रश्न आतला आणि बाहेरचा या भाषेत येतो. नव्या पक्षांची सारी ताकद या भाषेत आहे, आणि त्यांची मर्यादाही, कारण जमीन विकणारा हात बहुतेक वेळा गोवेकराचाच असतो. हे म्हणून दाखवणारा पक्ष अजून तरी मला भेटला नाही.

मडकईच्या आजोबांचं घर आता त्यांच्या नावावर आहे. त्यांच्या चुलतभावाचं नाही. त्याचा मुंडकार दावा मामलेदार कचेरीत पडून आहे, भाटकाराचे वारस पांगलेले, काही परदेशात, नोटिसा परत येतात. असे दावे गोव्याच्या प्रत्येक तालुक्यात आहेत. २०२२ च्या निवडणुकीत मगोला दोन जागा मिळाल्या. त्यानं आधी तृणमूल काँग्रेसशी युती केली होती, निकालानंतर भाजपला पाठिंबा दिला, आणि मंत्रिमंडळात त्याच्या वाट्याला वीजखातं आलं.